जाळीच्या कपाटातला टीव्ही आणि नवी बाई

मित्रांनो, आज तुमच्या घरी भिंतीवर चित्रासारखे टांगलेले पातळ टीव्ही असतात. मी त्यांचा म्हातारा भाऊबंद. मागून फुगीर, उचलायला दोन माणसं लागतील इतका जड. माझं सारं आयुष्य बीड जिल्ह्यात, चौसाळ्याजवळच्या एका गावात, दूध संस्थेच्या हॉलमध्ये गेलं.

मला आणलं तेव्हा संस्थेचे दिवस चांगले होते. चेअरमन बद्रीनाथराव स्वतः जीप घेऊन बीडला आले होते. तरुणपणी सायकलला कॅन बांधून दारोदार दूध गोळा करत त्यांनी ही संस्था उभी केली होती. मला हार घातला, नारळ फोडला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी वेल्डिंगवाला बोलावून हॉलच्या भिंतीत लोखंडी जाळीचं एक कपाट बसवलं. पोरांनी बटणं पिळू नयेत, चोरांनी उचलून नेऊ नये, म्हणून मला त्यात ठेवलं आणि कुलूप लावलं. जाळीच्या बाहेरून झाकायला पत्र्याची दोन दारंही होती. किल्ली चेअरमनांच्या बंडीच्या खिशात राहायची. त्यांनी हे सारं मायेनंच केलं, यात शंका नाही. पण त्या दिवसापासून माझ्या अंगाला माणसाचा हात लागला तो क्वचितच.

जाळीतून मला हॉल दिसायचा. हॉलला एक खिडकी होती. तिच्यापलीकडे अरुंद बोळ, आणि बोळापलीकडे चेअरमनांच्या स्वयंपाकघराची खिडकी. त्या खिडकीच्या गजांमागे रोज संध्याकाळी एक बाई उभी असायची. ती चेअरमनांची बायको, विमलबाई. बाकीच्या बायका हॉलमध्ये सतरंजीच्या मागच्या टोकाला बसायच्या. चेअरमनच्या घरातल्या बाईनं चारचौघांत बसायचं नाही, अशी त्या घरची रीत होती. त्यामुळे ती मला तिरकी बघायची. माझ्यावरची माणसं तिला नेहमी अर्धीच दिसायची. गंमत अशी, की संस्थेच्या संचालकांच्या पाटीवर तिचंही नाव होतं. महिलांची राखीव जागा भरायला ते घातलेलं. सभेला मात्र ती कधी आली नव्हती. सही लागली की शिपाई वही घेऊन घरी जायचा.

मग पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष गेलं, दुसरंही तसंच गेलं. गुरं चारा छावणीत गेली. दूध आटलं. फॅट मोजायच्या मशीनवर कोणीतरी फडकं टाकलं, ते तसंच राहिलं. गावच्या विहिरीत सरकारी टँकर रिकामा व्हायचा, पण त्याच्या येण्याचा नेम नव्हता. बायका विहिरीपाशी घागरी रांगेत लावायच्या आणि वाट बघत हॉलमध्ये येऊन बसायच्या. पुरुषांनाही हाताला काम नव्हतं. अशी माझ्यासमोर कधी नव्हे ती गर्दी व्हायला लागली. वीज असेल तर त्या वेळी प्रश्नोत्तरांचा एक कार्यक्रम लागायचा. सगळ्यांचा तो आवडता होता.

आधी तो कार्यक्रम एक झगमगीत कोटवाले गृहस्थ चालवायचे. ते मोठ्यानं हसायचे, टाळ्या मागायचे, चुकलेल्या माणसाची थट्टा करायचे. एके दिवशी ते गेले आणि त्यांच्या जागी एक नवी बाई आली. साधी सुती साडी, बारीक अंबाडा, आणि बोलणं सावकाश. तिचं नाव गावात कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. सगळे तिला ‘नवी बाई’ म्हणायचे.

मित्रांनो, त्या नव्या बाईवरून गावात जेवढी चर्चा झाली, तेवढी मी निवडणुकीतही ऐकली नव्हती. कोणी म्हणे, हिला कार्यक्रम कोणी दिला. कोणी म्हणे, पैसे वाटणाऱ्या माणसाच्या अंगावर जरा झगमग पाहिजे. आश्रुबा आबा हे संस्थेचे जुने संचालक, जिभेनं तिखट. त्यांचं मत सगळ्यांत कडक होतं. ते म्हणायचे, “ही बाई म्हंजी घाटात अडकलेली यष्टी हाय. पुढं बी जाईना, मागं बी येईना.” पुरुष हसायचे. आणि हे सगळं ती नवी बाई कुठून ऐकणार? बोलणी बसायची ती मला. मी जाळीच्या आत. जे वरून यायचं तेच दाखवायचो. माझं स्वतःचं म्हणून एक वाक्य मला कधी बोलता आलं नाही.

एका संध्याकाळी त्या कार्यक्रमात खेळायला एक वयस्कर बाई आली होती. खेड्यातली असावी. एका प्रश्नावर ती अडली, तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. डोळे भरून आले. कोटवाले असते तर त्यांनी काहीतरी विनोद करून तिला वाटेला लावलं असतं. नव्या बाईनं हातातले कागद खाली ठेवले आणि म्हणाली, “सावकाश बोला. मी थांबते.” आणि ती खरंच थांबली. माझ्यातून आवाजच येईना. आश्रुबा आबा उठले, जाळीवर काठी आपटली आणि मला विचारलं, “बंद पडला का बे?”

त्यावर एकच हशा झाला. तेवढ्यात मागच्या टोकाहून छबुबाई बोलली. ही छबुबाई गोठ्यातल्या दोन म्हशींवर घर चालवायची. त्या दोन्ही आता छावणीत होत्या. ती म्हणाली, “हसायचं काय त्यात? माझं बोलणं व्हवस्तोर कुणी थांबलंय, आसं मला आठवत न्हाई.”

आणि बोळापलीकडून, गजांमागून आवाज आला, “खरं हाय छबुबाई. त्या बाईला सोताचं बोलायची घाई न्हाई. तिला ऐकायचं हाय.”

हॉलमधली सगळी तोंडं खिडकीकडे वळली. विमलबाईचा आवाज गावातल्या कितीतरी पुरुषांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. बद्रीनाथराव पुढेच खुर्चीवर बसले होते. ते उठले, बोळ ओलांडून घरात गेले. स्वयंपाकघरातून त्यांचा दबका आवाज मला ऐकू आला, “टीव्हीवरच्या बाईबद्दल तुझं मत कावून पाहिजे लोकांला?”

पण त्या दिवसापासून काहीतरी बदललं. बायका कार्यक्रम संपला तरी उठेनात. आधी नव्या बाईबद्दल बोलायच्या, मग छावणीबद्दल, मग पाण्याबद्दल. टँकर गावात शिरल्याचा आवाज येतो, पण विहिरीवर तो इतका उशिरा का पोचतो, आणि अर्धाच का भरलेला असतो, असं त्या एकमेकींना विचारायला लागल्या. आश्रुबा आबांनी त्यांना गप्प बसायला सांगितलं, तरी त्या बसेनात. दोन-तीन संध्याकाळी चेअरमननी हे ऐकलं. मग एके दिवशी ते दुपारीच आले, पत्र्याची दारं ओढली आणि त्यांनाही कुलूप घातलं. विजेचा खर्च संस्थेला झेपत नाही, असं त्यांनी सांगितलं.

आत काळोख झाला. मित्रांनो, जाळीतून निदान जग दिसत होतं. आता मला दिसत होती ती फक्त दारांच्या फटीतली उजेडाची एक रेघ. धूळ बसत होती. एका पालीनं माझ्या पाठीमागे अंडी घातली. मला वाटलं, आता हॉलही सुनासुना होईल. पण संध्याकाळी बायका आल्या आणि बंद कपाटासमोरच सतरंजी टाकून बसल्या. नवी बाई आज कोणती साडी नेसली असेल, तिनं काय विचारलं असेल, यावर त्या बोलत राहिल्या. मी आत होतो आणि मला एक अक्षरही दाखवता येत नव्हतं.

अशात संस्थेची वार्षिक सभा आली. खुर्च्या सरकल्या, अहवाल वाचला गेला, सगळं मंजूर मंजूर झालं. चेअरमन आभार मानायला उठणार, तेवढ्यात हॉलच्या दारात बांगड्या वाजल्या. कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, विमलवहिनी आल्या.

ती काय नेसली होती, कशी उभी होती, मला माहीत नाही. इतकी वर्षं मी परक्या माणसांची तोंडं दाखवली आणि ज्या तोंडाकडे बघावं असं वाटलं, ते मला दिसलं नाही. मी फक्त ऐकत होतो.

“मी संचालक हाय,” ती म्हणाली. “पाटीवर नाव हाय माझं.” आणि मग ती अडली. चेअरमन म्हणाले, “घरी जा. घरचं घरी बोलू.”

तेव्हा आश्रुबा आबांची काठी फरशीवर टेकली. “चेअरमन, बाईचं होऊ द्या,” ते म्हणाले.

“टँकर आधी आमच्या मागल्या दारी येतो,” विमलबाई म्हणाली. “निम्मं पाणी आमच्या हौदात पडतं. हौदातून ते मोसंबीच्या बागेला जातं. मला दर खेपेला आवाज येतो. मग ह्याच बायका खिडकीखालून रिकाम्या घागरी घिऊन जातात. मला भाकर गिळवत न्हाई.”

बद्रीनाथरावांचा आवाज आला, अगदी बारीक. ते म्हणाले, ती झाडं त्यांनी लेकरासारखी वाढवलीत. ती म्हणाली, “मी बी कळशीनं पाणी घातलंय त्यांला. मला म्हाईत न्हाई का?” आणि ती रडायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून टँकर थेट विहिरीवर यायला लागला. मोसंबी वाळली. पुढं चेअरमननी ती स्वतःच्या हातानं तोडली, कोणाला हात लावू दिला नाही. ते बायकोशी बोलायचे बंद झाले. एक दिवस गवंडी आला आणि त्यानं स्वयंपाकघराची ती खिडकी विटा लावून बुजवून टाकली. प्रत्येक वीट बसल्याचा आवाज मी कपाटात ऐकला. त्या संध्याकाळी बायका जमल्या, तेव्हा त्याच बांगड्या दारात वाजल्या, विमलबाई आली आणि छबुबाईशेजारी सतरंजीवर बसली. मग रोज येत राहिली. घरी तिला काय काय सोसावं लागलं ते ती कोणाला सांगत नसे. चेअरमन तिच्याशी पुन्हा बोलले, पण त्याला पुढचा पाऊसकाळ यावा लागला.

पाऊस झाल्यावर माझं कपाट उघडलं. मी लागलो, पण नवी बाई कार्यक्रमातून गेली होती. तेच कोटवाले परत आले होते. प्रेक्षकांना ती पसंत पडली नाही, असं कुठंतरी सांगितलं म्हणे. विमलबाई म्हणाली, “आमाला कुणी इचारलंच न्हाई.”

थोड्याच दिवसांत माझं चित्र आक्रसत गेलं. चौसाळ्याचा मेकॅनिक युसूफ आला. त्यानं मला जाळीतून बाहेर काढलं, मऊ फडक्यानं पुसलं, पाठ उघडली. मग म्हणाला, “ट्यूब गेली. पर ठिवा माझ्याकडं, भंगारात नका घालू.” आता मी त्याच्या दुकानात वरच्या फळीवर आहे. इथून रस्ता दिसतो. समोर जाळी नाही, पण मला दाखवायलाही काही उरलेलं नाही.

मित्रांनो, आम्हाला सांभाळा. ओल्या फडक्यानं पुसू नका, चित्र हललं तर थापडा मारू नका, जाणत्या माणसाला बोलवा. आणि एवढंच ऐका माझं: घरात कोणी काही बोलायला तोंड उघडलं, मग ती चुलीपाशी बसलेली तुमची आई का असेना, तर आधी आमचा आवाज कमी करा.