कठडा खाली करणारी मांजरपावली

कानामागून आली आणि तिखट झाली, अशी ती नवी सिस्टर. वॉर्डात अजून सगळ्यांची तोंडं नीट ओळखीची झाली नव्हती, आणि बाईसाहेबांनी काय करावं? सरळ माझ्या उजव्या कठड्याचा खटका दाबला आणि कठडा खाली सोडून दिला. वर पेशंट निजलेला! मित्रांनो, तुम्हीच सांगा, भरल्या घराचं दार कोणी असं सताड उघडं टाकतं का? त्यातून तिच्या पावलांचा आवाज म्हणून नाही. कधी आली, कधी गेली, पत्ता लागत नाही. मी तिचं नाव मांजरपावली ठेवलं. पाय न वाजवता येणारी माणसं काहीतरी उचलायला येतात, असा माझा आजवरचा अनुभव.

मी एक जुनी लोखंडी खाट आहे. दवाखान्यातली. जन्म माझा एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. वेल्डर तोंडाने फटकळ, पण हाताने चोख. मला जोडून झाल्यावर तो स्वतः माझ्यावर आडवा झाला, दोन्ही कुशींवर वळला, कठड्यांना हिसके देऊन पाहिले आणि बायकोला म्हणाला, "ही नाही मोडायची. हिच्यावर निजलेला मोडला तर मोडेल!" मग मला फिकट हिरवा रंग लागला आणि मी दवाखान्यात सासरी आले.

मला लिहितावाचता येत नाही. माझ्या डोक्याशी रंगवलेला नंबर तेवढा ओळखते. पायथ्याशी कागद लटकवलेला असतो, त्यात काय लिहिलंय ते लिहिणाऱ्याला माहीत. पण निजलेला माणूस मला वाचता येतो. झोपलाय की झोपेचं सोंग घेतलंय, रडतोय की हसू दाबतोय, हे माझ्या पट्ट्यांना बरोबर कळतं. म्हणून माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. द्राक्षं घेऊन येणारे आणि बोलता बोलता ती स्वतःच संपवून जाणारे पाहुणे मी पाहिलेत. "कसं वाटतंय?" असं दाराकडे बघून विचारणारे डॉक्टर पाहिलेत. आणि कोणी पडदा ओढून घेतला की मी आधी कान टवकारते.

एक मात्र छाती ठोकून सांगते. माझ्या मांडीवरून कधी कोणी खाली पडलं नाही. मोठ्या सिस्टर नव्या मुलींना माझ्याजवळ आणून म्हणायच्या, "कठडा कसा लावायचा ते हिच्याकडून शिका." मी फुगून जायची. पुढे बटणावर वरखाली होणाऱ्या नव्या खाटा आल्या, नाकाने कांदे सोलणाऱ्या. मला भिंतीच्या कोपऱ्यात सरकवलं. माझ्यावर कोणी घडी केलेली ब्लँकेटं ठेवी, कोणी बसून डबा खाई. दवाखाना भरून वाहायला लागला की माझी आठवण यायची.

तशाच एका भरल्या दिवशी घड्याळजी माझ्याकडे आले. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला, वाळक्या शेंगेसारखा म्हातारा. छातीत पाणी झालं होतं, पायात बळ नव्हतं, आणि कधीकधी सकाळ आहे की संध्याकाळ यात गोंधळ व्हायचा. सोबत लेक. ती बेकरीत कामाला. अंगाला भाजक्या पिठाचा वास, आणि डोळ्यांखाली काळं.

"सिस्टर, कठडे वरच ठेवा हं," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "उठतात हे. घरी पडलेत. मी कामावर असते, माझा जीव थाऱ्यावर नसतो."

त्या पाळीची सिस्टर कामाने पिचलेली होती. तिने कठडे वर केले आणि म्हाताऱ्याचं मनगट मऊ पट्टीने माझ्या दांडीला बांधून टाकलं. "तुमच्याच भल्यासाठी हो," असंही म्हणाली. घड्याळजींनी मागितलं, "मला संडासला जायचंय. उतरवा." कोणी म्हणालं येते, कोणी म्हणालं थांबा. शेवटी चादर ओली झाली. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला. त्या दिवसापासून त्यांनी बोलणं सोडलं आणि जेवणही. लेकीला वाटलं, आजार वाढला.

आणि मग मांजरपावलीची पाळी लागली. ती आली ती सरळ खाली वाकली आणि घड्याळजींच्या कानाशी कुजबुजली. मला लगेच वास आला, काहीतरी शिजतंय.

"आजोबा, हात का बांधलाय?"

घड्याळजींनी तोंड भिंतीकडेच ठेवलं.

"सोडू का?"

तेव्हा म्हातारा बोलला, "विचारतेस कशाला? सोड की."

तिने पट्टी सोडली. माझं हँडल फिरवून मला जमिनीला टेकेस्तोवर खाली बसवलं, माझे गुडघे कुरकुरले तरी. उजवा कठडा उतरवला, त्यांच्या चपला नीट जोडून ठेवल्या. मग दिवसभर येता-जाता एकच प्रश्न, "जायचंय का?" त्यांनी मागायच्या आधीच. हाताला धरून नेई, बाहेर दाराशी उभी राही, परत आणी. घड्याळजी जेवायला लागले. दुसऱ्या दिवशी तर तिला म्हणाले, "पोरी, तुझ्या मनगटावरचं घड्याळ पुढे पळतंय. आण इकडे."

मला काही पटलं नाही. एवढी गोड वागते म्हणजे हिचा काही ना काही स्वार्थ असणार. आणि म्हातारा पडला तर बट्टा कोणाला? मला!

लेकीने उतरलेला कठडा पाहिला आणि आकाशपाताळ एक केलं. मोठ्या सिस्टर धावत आल्या. "कोणाला विचारून सोडलंस?" त्यांनी मांजरपावलीला विचारलं.

"ज्यांचे पाय आहेत त्यांना."

"त्यांना काय कळतंय?" लेक ओरडली.

"कधी कळतं, कधी नाही. पण संडासला जायचं असतं तेव्हा कळतं," मांजरपावली म्हणाली.

मोठ्या सिस्टरनी माझा कठडा एकदा हलवून पाहिला. मग म्हणाल्या, "तुझ्या जबाबदारीवर. हे पडले तर तू या वॉर्डात नाहीस, आणि यापुढे इथे सगळ्या म्हाताऱ्यांचे कठडे वर. मला पुन्हा वाद नको."

आता खरा खेळ सुरू झाला, मित्रांनो. दुपारी मांजरपावली पलीकडच्या बाईला इंजेक्शन देत होती. लेकीने पडदा ओढला. मी कान टवकारलेच. तिने उजवा कठडा वर करून खटका लावला, गळ्यातला स्कार्फ काढला, बापाचं मनगट दांडीला बांधलं आणि म्हणाली, "बाबा, खालून औषध घेऊन येते. पाचच मिनिटं. हलू नका, माझी शपथ."

खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. म्हटलं, आलं एकदाचं घर ताळ्यावर.

पण ज्याने केसाएवढ्या स्प्रिंगा चिमटीत धरल्या, त्याला स्कार्फची गाठ ती काय! घड्याळजींनी एका हाताने ती सोडवली. संडासची घाई त्यांना होतीच. उतरायला वाट नव्हती, म्हणून त्यांनी कठड्यावर पाय टाकला. ज्या कठड्याचा मी एवढा तोरा मिरवला, त्याच्यावर तो म्हातारा क्षणभर लोंबकळला आणि पलीकडे धपकन पडला. भुवई फुटली, कोपर सुजलं. मी खाली बसवलेली होते म्हणून तेवढ्यावर भागलं. वर असते तर हाडांचा चुरा होता.

लेक पिशवी घेऊन आत आली. बापाला बघून पांढरीफटक पडली. पण तिने आधी काय करावं? दांडीला लटकणारा स्कार्फ ओढून पिशवीत कोंबला. मग माझा खटका दाबून कठडा खाली केला. आणि मग किंचाळली, "सिस्टर! बाबा पडले! बघा, कठडा उघडाच होता!"

तो खटका माझ्याच अंगावर दाबला गेला होता. मला कळणार नाही? पण खाटेची साक्ष कोण काढतो!

माणसं जमली. भुवईवर पट्टी झाली, घड्याळजींना पुन्हा माझ्यावर निजवलं. मोठ्या सिस्टरनी मांजरपावलीकडे पाहिलं. "सांगितलं होतं ना तुला?"

मांजरपावलीची नजर घड्याळजींच्या मनगटावर होती. तिथे दाबाचा ताजा लाल वळ उठला होता. तिने लेकीकडे पाहिलं. लेकीने मान खाली घातली. मला वाटलं, आता ही भांडं फोडणार, चव्हाट्यावर त्या लेकीची अब्रू काढणार. मी वाटच पाहत होते. पण ती एवढंच म्हणाली, "मोठ्या सिस्टर, मी काही सांगत नाही. आजोबांना विचारा."

"त्यांना? त्यांच्या डोक्याला मार लागलाय."

"तरी विचारा. पडले ते आहेत."

विचारून उपयोग काय, मी म्हटलं. बाप लेकीविरुद्ध बोलेल? आणि बोलला तरी गोंधळलेल्या म्हाताऱ्याचं ऐकणार कोण? ही पोरगी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेय.

घड्याळजी माझ्या पट्ट्यांवर कुशीला वळले. त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला. मग मोठ्या सिस्टरकडे बघून सावकाश म्हणाले, "कठडा वर होता. हात बांधलेला होता. माझ्या लेकीने बांधला, भीतीपोटी. गाठ मी सोडवली, चढलोही मीच. कठडा खाली असता तर चपला घालून सरळ उतरलो असतो."

"बाबा…" लेक मध्येच म्हणाली.

"गप. तू चोर नाहीस. पण ही पोरगी गेली तर उद्या मला परत बांधतील, आणि तूच त्यांना धन्यवाद म्हणशील."

लेकीने पिशवीतून स्कार्फ काढला आणि खाटेवर ठेवला. "मी एकटी आहे हो सिस्टर," ती हुंदके देत म्हणाली. "कामावर हात चालत नाहीत माझे. सारखं वाटतं, पडले असतील."

मोठ्या सिस्टरनी स्कार्फची घडी केली आणि तिच्या हातात दिली. त्या दिवशी कोणाला रागावल्या नाहीत. मांजरपावलीला म्हणाल्या, "कठडा ते सांगतील तसा. आणि यांची मुलगी कामावर असेल तेव्हा त्यांना कोण, कधी उठवणार, ते पाळी बदलताना मला तोंडी सांगत जा. सगळ्याच म्हाताऱ्यांचं."

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी आजारी पडलं, तर त्याला सांभाळा, पण त्याच्या डोक्यावरून आपापसात बोलू नका. तो निजलाय म्हणून मेलेला नाही. हात बांधायच्या आधी त्याला काय हवंय ते विचारा. बहुतेक वेळा त्याला फार थोडं हवं असतं.

दुसऱ्या सकाळी मांजरपावली माझ्याजवळ आली. "आजोबा, कठडा खाली करू?" तिने विचारलं. घड्याळजी तिच्या घड्याळाचं झाकण उघडून त्यात डोकं घालून बसले होते. त्यांनी नुसता हात हलवला. तिने खटका दाबला, माझी बिजागरी करकरली, आणि त्या करकरीतच मी तिला मोठ्याने सुनावलं:

"ए मांजरपावली, इकडे ऐक. तुझ्यावरचा माझा संशय गेलेला नाही, आणि मी भंगारात निघेपर्यंत जायचाही नाही. एक दिवस तूही दमशील. वॉर्डभर म्हातारे एकदम हाका मारतील, आणि तुलाही पट्टी हाताशी बरी वाटेल. त्या दिवशी मी अशी करकरेन की रस्त्यावर ऐकू जाईल. पण काल तू बरोबर होतीस. आता उभी राहू नकोस तोंड बघत, जा, बिजागरीला तेल घेऊन ये!"