गरुडाचं पिल्लू

लिप्तोवच्या खोऱ्यात पाळक ल्युबोर खालुपका यांचं प्रवचन ऐकायला शेजारच्या गावांतूनही माणसं यायची. पाळकसाहेब ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवायचे, आणि वर जे दिसेल त्यातून रविवारी देवाची एखादी गोष्ट सांगायचे. ढगाखाली सापडणारी ऊन हवा म्हणजे कृपा, ती दिसत नाही पण उचलते, असं काहीतरी. चर्चच्या दारात बायका थट्टा करायच्या, "काय पाळकसाहेब, आज आभाळातून काय आणलंत?"

त्या वसंतात पाऊस थांबेना. ग्लायडर शेडमध्येच पडून होतं आणि साहेबांची झोळी रिकामी. ईस्टरनंतरच्या एका रविवारी त्यांनी गरुडाची गोष्ट सांगितली. गरुडीण पिल्लाला कड्यावरच्या घरट्यातून ढकलून देते, पिल्लू गटांगळ्या खात खाली जातं, आणि आता आपटणार इतक्यात आई खालून येऊन त्याला पाठीवर घेते. ही गोष्ट त्यांनी कुठेतरी ऐकलेली होती. पण समोरचे चेहरे आतुर झालेले बघून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मी हे खोच डोंगराच्या कड्यावर, वरून, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

लोकांनी डोळे पुसले. दुपारी जेवताना त्यांची बायको झेल्मीरा म्हणाली, "एवढं बघितलंत आणि मला घरी येऊन सांगितलं नाहीत?"

"राहून गेलं," म्हणत साहेबांनी आणखी सूप वाढून घेतलं.

उन्हाळा सरत आला तेव्हा एका दुपारी, साहेब ग्लायडर बाहेर काढत असताना, छोट्या विमानतळाच्या कुंपणाशी युर हुदाच येऊन उभा राहिला. हुदाच मधमाश्या पाळायचा. त्याची बायको वारली होती, घरी तो आणि तरुण मुलगा राद्को, दोघंच. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा, कधी कुणाशी फार बोलायचा नाही. इकडे तर तो कधीच फिरकला नव्हता.

"पाळकसाहेब, एक विचारायचं होतं," तो टोपी काढून म्हणाला. "ते पिल्लू किती खाली गेल्यावर आई निघते?"

"कुठलं पिल्लू?"

"गरुडाचं. तुम्ही बघितलेलं." हुदाच टोपी हातात फिरवत राहिला. "आमचा राद्को, त्याची आई गेल्यापासून नुसता अंथरुणात पडून असायचा. काम सुटलं, बोलणं सुटलं. तुमचं प्रवचन ऐकलं आणि मला वाटलं, माझंच चुकतंय, मी त्याला घरट्यात धरून ठेवलाय. दुसऱ्या दिवशी त्याची बॅग बाहेर ठेवली. तो म्हणाला, बाबा, मी जाऊ कुठं? मी म्हटलं, उड. आता फोन उचलत नाही. झिलिनाला, शहरात आहे म्हणतात. मी थांबलोय. पुरेसा खाली गेला की जायचं, असंच ना? पण केव्हा ते कळत नाही. तुम्ही बघितलंय, म्हणून विचारतो."

खरं सांगायची वेळ तीच होती. पण साहेबांच्या तोंडातून सवयीचंच बाहेर पडलं, "देवावर भरवसा ठेवा, युर. वेळ त्याला कळते."

"बरं," हुदाच म्हणाला. "उपकार झाले." आणि सायकल घेऊन निघून गेला.

साहेब तरीही उडाले. खोचच्या कड्यापाशी त्यांना खरोखरच एक गरुड भेटला, त्याच ऊन हवेत, त्यांच्या पंखाच्या जरासा वर घिरट्या घालणारा. एरवी त्यांनी देवाचे आभार मानले असते. आज मात्र त्यांना त्याच्याकडे मान वर करून बघवेना. गरुड पिल्लांना ढकलत नाहीत, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या कपाटात पक्ष्यांची पुस्तकं होती. गरुडीण कड्यावर भक्ष्य आणून टाकत राहते, पिल्लू आपणहून झेप घेईपर्यंत, आणि त्यानंतरही कितीतरी दिवस. हेच सांगितलं असतं तरी त्यात देव होताच. त्यांना मात्र लोकांचे डोळे ओले झालेले हवे होते.

ते उतरले ते सरळ हुदाचच्या घरी गेले. तो मधमाश्यांच्या पेट्यांना धूर देत होता.

"युर, मी खोटं बोललो. मी तसं काही बघितलं नाही. गरुड तसं करतच नाहीत."

हुदाचने धुराचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "म्हणजे मी पोराला नुसताच बाहेर काढला."

"दोष माझा आहे."

"तुमचा कसा? बॅग मी भरली. त्याचे मोजे मी दुमडले." त्याचा आवाज चढला. "आणि दुपारी? दुपारी का नाही बोललात? मी तोंड घेऊन विचारायला आलो होतो ना!"

साहेब मान खाली घालून उभे राहिले.

"गाडी आणलीय?" हुदाचने विचारलं. "मग चला."

झिलिनात टायरच्या एका गोदामाबाहेर राद्को सापडला. वाळला होता, हात काळे झालेले. बापाला बघून तो जागीच थबकला. साहेबांनी पुढे होऊन सगळं सांगितलं, एकही शब्द न झाकता.

राद्को त्यांच्याकडे बघत राहिला. "म्हणजे ते 'उड' तुमचं होय? मला वाटलं बाबांना वेड लागलं. बसमध्ये आधी हसलो मी. मग कितीतरी आठवडे…" तो थांबला. "जाऊ द्या."

"घरी चल," हुदाच म्हणाला.

"नाही येणार, बाबा."

"बरं. नको येऊस. मी भाकरी आणि मध आणलाय. तेवढं तरी घे."

राद्कोने पिशवीकडे पाहिलं, मग बापाकडे. "वर खोली आहे. चहा करतो." साहेब त्यांच्या मागोमाग पाऊल उचलणार, तेवढ्यात हुदाच वळला. "तुम्ही गाडीतच बसा."

साहेब गाडीत बसले. दिवे लागले, रस्ता रिकामा झाला, तरी हुदाच खाली आला नाही. प्रार्थना करावी म्हणून त्यांनी हात जोडले, पण शब्द सुचेना. आयुष्यात इतके शब्द वापरलेले, त्यातला एकही त्यांना आता तोंडात घ्यावासा वाटेना.

रविवारी त्यांनी उपासनेत सगळ्यांसमोर सांगितलं: गरुडाची गोष्ट खोटी होती, आणि ती ऐकून एका घराचं नुकसान झालं. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. झेल्मीरा पहिल्या बाकावर ताठ बसून होती, कानापर्यंत लाल झालेली. काहींनी त्यानंतर येणं सोडलं. एका म्हातारीने दारात त्यांचा हात धरून म्हटलं, "इतकं मनाला लावून घेऊ नका हो. गोष्ट तर छानच होती." ते त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

हुदाच आता दर रविवारी सकाळच्या गाडीने झिलिनाला जातो, पिशवीत काहीबाही घेऊन. नाताळच्या आधी राद्को एकदा येऊन कोबीचं सूप जेवून गेला, राहिला मात्र नाही. रस्त्यात भेटला की हुदाच पाळकसाहेबांना नमस्कार करतो, टोपीला हात लावून, पूर्वीसारखाच. विचारत मात्र काही नाही.