लाणा आणि बथुआ

राजस्थानातून बदलून आलेल्या शेतकी साहेबानं आमच्या लामता गावच्या धानाच्या बांधीत लाण्याची झुडपं लावली. "खाऱ्या, कोरड्या जमिनीतलं कुळ आहे, मैनाबाई. मरत नाही," असं मलेच शिकवलं. अरे, तळ्याखालची बांधी, तिथं ढोपरभर चिखल! पंधरा दिवसांत सारी सडली. मंग त्या शहाण्यानं चिखलात चार पोती मीठ टाकलं.

हिवाळ्यात तिथं हिरवे कोंब दिसले, तर वरच्या साहेबाले दाखवाले घेऊन आला. "लाणा फुटला!"

मी मूठभर उपटले. "साहेब, हा बथुआ होय, चाकवताची भाजी. न लावता उगवते."

"दोन्ही एकाच कुळातले आहेत," आमचा साहेब पुटपुटला.

"असन. पण मीठ आमी जमिनीत नाही, भाजीत टाकतो."