पाडून दाखवलेली गाडी

मोटरसायकलला लोखंडी गार्ड बसवला की आमचे हे ती गाडी गिऱ्हाइकासमोर पाडून दाखवतात. नुसती गाडी नाही, स्वतः वर बसून. उभ्या गाडीवरून एका अंगाला कलंडायचं, धाडकन आवाज होतो, गिऱ्हाईक डोळे मिटून घेतं, आणि हे गार्डच्या आडोशाला राहिलेला पाय हलवत म्हणतात, "बघा, केसालाही धक्का नाही." गार्डला रंग मारायचं काम माझं. म्हणजे यांनी पाडायचं आणि खरवडलेला रंग मी पुन्हा मारायचा. लग्न झाल्यापासून हेच चाललंय.

त्या दिवशी आलेला माणूस पार्सल पोचवणाऱ्या कंपनीचा मालक होता. त्याच्याकडे पन्नास गाड्या. यांनी नेहमीसारखी गाडी पाडली, पाय हलवला. तो हाताची घडी घालून बघत राहिला.

"माझी पोरं काय उभ्या गाडीवरून पडतात?" तो म्हणाला. "चालती पाडून दाखवा."

मला वाटलं हे हसण्यावारी नेतील. पण यांनी आडवी गाडी उभी केली आणि बाह्या सारल्या.

"अहो, काही नको," मी म्हटलं. "चालत्या गाडीला गार्ड कुठे अडकेल, कोण सांगणार?"

"अगं, गार्ड मी केलाय."

"गार्ड तुम्ही केलाय. रस्ता तुम्ही केलेला नाही."

मालक हसला. "वहिनी, तुमचाच विश्वास नसेल तर राहू द्या."

झालं, आगीत तेल. आता यांना ब्रह्मदेवही थांबवू शकला नसता. मी ब्रश डब्यात टाकला, फळीवरचं हेल्मेट काढलं आणि यांच्या डोक्यात बसवून पट्टा करकचून ओढला.

"गळा आवळतेस काय?"

"आवळायलाच पाहिजे."

वर्कशॉपच्या मागे सिमेंटचा रस्ता आहे, एका बाजूला गटार आणि त्यापलीकडे भिंत. हे गाडी घेऊन पार टोकाला गेले. मी दारात उभी होते. राग येत होता. त्या मालकाचा, यांचा, आणि इतकी वर्षं मुकाट रंग मारणाऱ्या माझाही.

हळू येतो म्हणाले होते. कसलं हळू! गाडी जोरात आली, यांनी ती कलती केली, मागचा ब्रेक दाबला. गार्ड सिमेंटला घासला, ठिणग्या उडाल्या, गाडी आडवी सरपटत गेली. यांचा पाय आत सुखरूप दिसत होता. क्षणभर मला वाटलं, जिंकला गं बाई माझा नवरा.

मग गार्डचा बाक गटाराच्या झाकणाच्या कडेत अडकला. गाडी जागच्या जागी थांबली. हे थांबले नाहीत. हँडलवरून उडाले आणि खांद्यावर भिंतीला आपटले.

मी धावले. तोंडात शिव्या येत होत्या, रडू येत नव्हतं. हेल्मेटला तडा गेला होता. यांनी डोळे उघडले.

"पाय बघ," म्हणाले.

मी दोन्ही पाय चाचपले. धड होते. पँटसुद्धा फाटली नव्हती.

तिकडे मालकाने गाडी उभी केली होती. रुमालाने टाकी पुसत पुसत तो तिच्याभोवती फिरला. "मानलं बुवा," तो म्हणाला. "टाकीवर ओरखडा नाही. आरसासुद्धा शाबूत. पन्नासही गाड्यांना बसवा." आणि आमच्याकडे येऊन त्याने हात पुढे केला.

"बघ, म्हटलं नव्हतं?" हे मला म्हणाले. ओठातून रक्त येत होतं, तरी चेहरा फुलला होता. यांनी हात मिळवायला खांदा उचलला. खांदा जरासा हलला. उजवा हात तिथेच पडून राहिला. यांनी पुन्हा जोर केला.

"अगं, उचलत नाहीये."

"गाडी बघून झाली असेल तर आता माणूस बघा," मी मालकाला म्हटलं. "अँब्युलन्सला फोन लावा." त्याचा पुढे आलेला हात खिशाकडे गेला.

मी यांच्याजवळ बसले आणि तो हात, होता तसा, हळूच धरला. बोटांना रंगाचे आणि लोखंडाचे डाग होते. मी एकेक बोट दाबत गेले. फार भीती वाटत होती मला.

"बोटं हलवा," मी म्हटलं.

"हलवतोय की," हे म्हणाले. माझ्या हातात यांची बोटं होती तशीच पडून होती.