खाचरातलं बॉक्सवुड

फाटक्या तोंडाची शकू म्हणून टोकावड्यात माझं नाव आहे. असू दे. नवऱ्याला मी येडा म्हणते तेपण त्याच्या तोंडावर म्हणते, पाठीमागं नाय.

ओढ्याजवळचं आमचं भाताचं खाचर एका मुंबईच्या मॅडमनं घेतलं आणि त्यावर बंगला बांधला. सही करताना कोंडूनं, म्हंजे माझ्या म्हाताऱ्या नवऱ्यानं, एकच मागणं घातलं. मरेपर्यंत मला इथंच कामाला ठेवा. मॅडम हो म्हणाली. तेव्हापासून हा स्वतःच्याच शेतात माळी झाला आणि मी तिथं भांडी घासायला लागले. गावात लोक हसले. याला काय त्याचं! सिद्धगडावर ऊन यायच्या आत हा फाटकाशी हजर.

मग ते बॉक्सवुड आलं. चकचकीत बारीक पानांची झुडपं, फाटकापासून पायरीपर्यंत दोन्ही बाजूंनी ओळीनं लावली. नर्सरीवाल्यानं बजावलं, "काका, वरची माती सुकली की मगच पाणी. मुळाशी तुंबू द्यायचं नाही. आणि भर उन्हात कातरायचं नाही." म्हाताऱ्यानं मान डोलावली. कातरायला तर असा शिकला की दोरी लावून बघावं, एक पान पुढं नाय. मॅडम खूश. फोटो काढून मैत्रिणींना पाठवायची.

पण हात पडला भाताच्या माणसाचा. उन्हाळा लागला तसा यानं झुडपांच्या कडेनं बांध धरला. चिखलानं लिंपला, टाचेनं दाबला, लावणीच्या आधी धरतात तस्सा. आणि पाईप सोडून आत पाणी उभं केलं.

"अवो, तो नर्सरीवाला काय बोलला?" मी ओरडले. "ही काय भाताची रोपं हायत?"

"या खाचरात पाणी उभं राह्यलं की जीव कसा निवतो गो," तो म्हणाला. "त्या नर्सरीवाल्याला काय ठावं इथली माती? मी वळखतो तिला."

पानं पिवळी पडली. मग तांबूस. याला वाटलं तहान लागली असेल, म्हणून आणखी पाणी. शेवटी एक झुडूप हातानं ओढलं तर अलगद वर आलं. मुळं काळी, कुजलेली, वास मारणारी. तो ते हातात घेऊन बांधावर बसून राह्यला. मला त्याची कीव यायला पायजे होती, पण आला संताप. "खाल्लीत ना माती?" म्हटलं मी.

मॅडम ओरडली नाय. ओरडली असती तर परवडलं असतं. तिनं प्लास्टिकचं बॉक्सवुड मागवलं, जाळीवर बसवलेलं, लांबून बघितलं तर खरंच वाटेल असं. मेलेली झुडपं उपटून तिथं ते ठोकलं. मग कोंडूला म्हणाली, "काका, मी शब्द दिलाय, तुम्ही राहा. पाहुणे आले की पाईप धरून उभं राहायचं. नळ उघडायचा नाही हं, पाणी फुकट जातं. नुसतं धरायचं."

आणि हा राह्यला! मी घरी डोकं आपटून घेतलं. "सोडा ते काम. धसईच्या बाजारात भाजी विकू."

"धसईला त्या मातीवर पाय ठेवायला मिळंल काय?" तो म्हणाला.

मॅडमचा वाढदिवस आला. पाहुणे हिरवळीवर खुर्च्या टाकून बसले. म्हातारा धुतलेली टोपी घालून, सुका पाईप धरून उभा. मी सरबताचा ट्रे घेऊन फिरत होते. एका बाईनं विचारलं, "काका, इतकं हिरवं कसं ठेवता हो?"

मॅडमनं त्याला मानेनं खुणावलं. सांगा.

"पाणी बेतानं घालायचं," म्हातारा म्हणाला. "जास्त झालं की मुळं कुजतात."

सगळे खो खो हसले. मेल्यांना आधीच सगळं ठाऊक होतं, मॅडमनं सांगून ठेवलेलं. ती हसून हसून डोळे पुसत म्हणाली, "परत एकदा सांगा ना काका. व्हिडिओ काढायचा राहिला."

आणि यानं परत सांगितलं. त्याच सुरात, मान खाली घालून.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ट्रे आदळला, घराच्या मागं गेले आणि नळ पुरता उघडला.

पाईप उसळला. प्लास्टिकवर, केकवर, साड्यांवर पाणीच पाणी. बायका किंचाळल्या. मॅडम बंद करा, बंद करा म्हणून ओरडत होती. म्हाताऱ्यानं पाईप टाकला आणि मला वाटलं, आता नळाकडं धावेल. नाय. पाणी उताराला वाहून चाललं होतं ते त्यानं बघितलं, खाली बसला आणि दोन्ही हातांनी माती ओढून बांध धरायला लागला. वॉचमननं काखेत हात घालून उठवला तेव्हा उठला.

त्याच संध्याकाळी आमाला फाटकाबाहेर काढलं. शब्द संपला म्हणाली. मी म्हणते, बरं केलं मी. पुन्हा वेळ आली तर पुन्हा उघडीन तो नळ.

म्हातारा माझ्याशी बोलत नाय. सकाळी उठून फाटकापर्यंत जातो, वॉचमन हाकलतो, परत येतो. वाढलं की जेवतो. काल मीच म्हटलं, "किती दिवस राग धरणार? हसत होते ना ते तुमाला?"

"हसत होते," तो म्हणाला. "हसून हसून दमले असते आणि गेले असते आपापल्या घरी. मी राह्यलो असतो गो."

आणि अर्धं ताट तसंच ठेवून हात धुवायला उठला.