बंडप्पाचा रोमन मूळपुरुष

तेरच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान असलेल्या बंडप्पाला परक्या मुलखातली कुठलीही वस्तू दाखवा, गडी तिच्या पाया पडायला तयार. राज्य निजामाचं, म्हणून डोक्यावर हैदराबादी रुमी टोपी. पलीकडं बार्शीत इंग्रजांचं, म्हणून खिशात विलायती घड्याळ. घड्याळ बंद होतं, पण साखळी चकचकीत होती, आणि बंडप्पाला तेवढं बास होतं.

त्या साली हैदराबादहून एक साहेब आला आणि गावचं पांढरीचं, जुन्या वस्तीचं टेकाड उकरू लागला. त्यानं सांगितलं, दोन हजार वर्षांपूर्वी तेरचं कापड पार रोमला जायचं. रोमच्या राजाची सत्ता इथं कधीच नव्हती, पण त्याच्या नाण्यांवरचं तोंड आपल्या लोकांना असं आवडलं, की तशाच मातीच्या चकत्या भाजून ते गळ्यात घालत. बंडप्पा पोट धरून हसला. "काय येडी माणसं म्हणायची. राजा दुसऱ्याचा आन् गळा आपला." हसताना टोपीचा गोंडा डुलत होता, तो तेवढा त्याला दिसला नाही.

पण हसू चार दिवसांचं. बंडप्पाची लेक शिवकांता लग्नाची झालेली, दोन स्थळं हातची गेलेली, आणि आता उमरग्याचे गुरुसिद्धप्पा आपल्या मुलासाठी तिला बघायला येणार होते. बडं लिंगायत घर. माणूस आधी कूळ विचारणार, मग पोरगी बघणार. आणि बंडप्पाच्या कुळात सांगण्यासारखं काय, तर आजा डोक्यावर गठुडं घेऊन गावोगाव लुगडी विकायचा. शेवटी त्यानं टेकाडावरच्या एका मजुराकडून तसली एक चकती मिळवली, देवघरात मांडली आणि पाहुण्यांना छातीठोकपणे सांगितलं, "हे आमचे मूळपुरुष. रोमच्या दरबाराला कापड पुरवायचे. राजानं खूश होऊन ह्यांच्या तोंडाचं नाणं पाडलं." स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोनं, पार्वतम्मानं, कपाळावर हात मारला.

गुरुसिद्धप्पांनी चकती उजेडात धरली. त्यांचं तोंड उतरलं. "बंडप्पा, ह्यांच्या कपाळाला भस्म न्हाय. गळ्यात लिंग न्हाय. म्हंजे तुमचं घराणं बिनलिंगाचं? आमच्याकडं असली सोयरीक चालत न्हाय."

आता खरं बोलायला काय धाड भरली होती? 'पाहुणं, थाप मारली' म्हटलं असतं तर सुटला असता. पार्वतम्मा आतून खुणा करून करून दमली. पण बंडप्पा म्हणाला, "ही झिजल्याली हाय, अण्णा. चांगली चकती पेटीत जपून ठेवलीय. आठवड्यात उमरग्याला घेऊन येतो."

पाहुणे गेले आणि हा तडक गोरोबा कुंभाराच्या आव्याकडं. "भस्म पाहिजे, लिंग पाहिजे, आन् माणूस राजासारखा दिसला पाहिजे," असं बजावत तो त्याच्यासमोर ठाण मांडून बसला. चकती भाजून हातात पडली तेव्हा बघतच राहिला. नाक त्याचं, गाल त्याचे, हनुवटीखालची वळीसुद्धा त्याचीच.

"रोमचा राजा म्या कुठं बघितलाय, आप्पा?" गोरोबा म्हणाला. "तुमी समोर बसला व्हता, तुमालाच काढलं."

बंडप्पाला राग यायला हवा होता. उलट त्याला वाटलं, राजे साधारण असेच दिसत असणार.

उमरग्यात गुरुसिद्धप्पांनी चकती बघितली, बंडप्पाकडं बघितलं, पुन्हा चकतीकडं बघितलं. "रक्त बोलतंय की. तोंडवळा जसाच्या तसा उतरलाय." सोयरीक ठरली. अट एकच, मूळपुरुष मुलीबरोबर उमरग्याला यायचा. बंडप्पानं आनंदानं होकार दिला, आणि लग्नात चकती शिवकांताच्या ओटीत गेली.

पंचमीच्या सणाला बंडप्पा लेकीला न्यायला गेला. बैठक बड्या मंडळींनी भरलेली. चकती चांदीच्या कोंदणात, पुढं फुलं, कापूर. गुरुसिद्धप्पा सांगत होते, "आमचं घराणं थेट रोमच्या दरबारातलं. हे आमचे मूळपुरुष."

बंडप्पा उंबऱ्यातच थबकला. "अण्णा, ते तर आमचे," तो पुटपुटला.

"हे आमचे व्याही," गुरुसिद्धप्पा मंडळींना म्हणाले. "तेरला लुगडी विकतात. बसा की तिथं, दाराजवळ जागा हाय." बंडप्पा जोड्यांशेजारी टेकला.

आरती झाली. एकेक जण चकतीच्या पाया पडला. शिवकांता पदर सावरत बापाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आप्पा, तुमी बी पडा पाया. मामंजी बघायलेत."

पोरीला त्या घरात नांदायचं होतं. बंडप्पा उठला, आणि आपल्याच नाकापुढं त्यानं डोकं टेकलं.