दुकानातला वेग

मी एक जुना डेमो फोन आहे. मेलबर्नजवळच्या टार्निटमध्ये, मोबाइलच्या एका दुकानात काउंटरला तारेने बांधून मला वर्षभर ठेवले होते. मित्रांनो, आज माझा मुक्काम भंगाराच्या खोक्यात आहे, पण मी रडत बसलेलो नाही. मी सूड उगवून इथे आलो आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा थाट काय विचारता! हा फोन साऱ्या ऑस्ट्रेलियात फक्त एकाच कंपनीच्या नेटवर्कवर मिळणार, अशी जाहिरात होती. दुकानातला श्रीनिवास मूळचा नाशिकचा, जिभेवर साखर. गिऱ्हाईक आले की तो माझ्यावर व्हिडिओ लावायचा आणि तो सुसाट पळायचा. लोक तोंडभरून कौतुक करायचे. खरे तर मी दुकानाच्या वायफायवर पळत होतो; माझे सिम नावापुरते होते. बाहेर वसाहतींत घरे वाढत होती, घराघरांत हाच फोन जात होता आणि टॉवर मात्र तेवढाच होता. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्यांची ट्रेन स्टेशनवर रिकामी झाली की नेटवर्क पार गुदमरायचे. श्रीनिवासला ते ठाऊक होते. मलाही होते.

मार्चमध्ये शुभदा आली.

"संध्याकाळी सहाला इथे कॉल लागतो ना? साताऱ्याला बाबांचं हार्टचं ऑपरेशन आहे."

"नो वरीज, ताई. आपल्या माणसाला कोण फसवणार?"

आपला माणूस म्हणून तिने दोन वर्षांच्या प्लॅनवर सही केली.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा आली आणि माझ्यासमोर उभी राहून तिने सगळे सांगितले. बाबांना आत नेण्यापूर्वी लेकीशी दोन शब्द बोलायचे होते. ती स्टेशनच्या पार्किंगमधून अर्धा तास फोन लावत होती. लागला नाही. बाबा ऑपरेशनमधून परत आले नाहीत.

"तुमच्या हँडसेटमध्येच काहीतरी असेल, ताई," श्रीनिवास म्हणाला.

स्वतःचे पाप त्याने माझ्या भावंडाच्या माथी मारले! त्या दिवसापासून मी त्याच्यावर दात धरून होतो.

हिवाळ्यात माझ्यावर नवी ऑफर निघाली. गुरुवारी संध्याकाळी सहाला दुकानात ही गर्दी. शुभदा सर्वांत पुढे होती. तिने मला सहज हातात घेतले, पडद्यावर वायफायची खूण दिसताच ते बंद केले आणि मला जागेवर ठेवले. श्रीनिवासने मला उंच धरून व्हिडिओ लावला. पडद्यावर चक्र फिरू लागले.

"क्या हुआ, मेट?" मागून कोणीतरी विचारले.

"एक मिनिट हां, आत्ता होईल."

चक्र फिरतच राहिले. मध्ये एकदा नेटवर्क मिळाले होते, मित्रांनो. मी ते घेतले नाही.

"थोडं थांबा ना," श्रीनिवास घाम पुसत म्हणाला.

"मी अर्धा तास थांबले होते," शुभदा म्हणाली. "आता तू थांब."

गर्दी पांगली. आठवडाभरात मला पुसून खोक्यात टाकले. मला त्याचे काडीचेही दुःख नाही.

मित्रांनो, तुम्ही फोनची काच जपता, त्याला कव्हर घालता. पलीकडे वाट बघणारे माणूसही जपा. आणि नवा फोन घ्यायला गेलात, तर आधी वायफाय बंद करा. मग फोनकडे नको, विकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघा.